अंचे, मिंचंचे आणि जासूद

कन्नडमध्ये टपालाला 'अंचे' म्हणतात. ई-मेल आला तेव्हा कन्नड माणसांनी त्याच्यासाठी शब्द फार लांबून आणला नाही. 'मिंचु' म्हणजे वीज. तिला अंचे जोडली आणि 'मिंचंचे' तयार झाला, विजेचे टपाल. आपला 'विपत्र' सरकारी कागदांत सुखाने नांदतो, पण तोंडी कधी आला नाही. मिंचंचेला मात्र एक वंशावळ आहे आणि ती थेट म्हैसूरच्या राजवाड्यापर्यंत जाते.

अंचे हे म्हैसूर संस्थानच्या टपालखात्याचेच नाव होते. ते खाते उभे करण्याचे श्रेय चिक्कदेवराज वोडेयर यांना दिले जाते. त्यांची कारकीर्द १६७३ ते १७०४. मराठी वाचकाला हा राजा एका सौद्यामुळे आठवायला हरकत नाही. बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर. तंजावरला बसून ती सांभाळणे व्यंकोजींना जड होऊ लागले, म्हणून ती चिक्कदेवराजाला विकायचे ठरले. सौदा पुरा होण्याआधीच, १६८७ साली, मोगल सरदार कासिमखानाने शहर घेतले आणि तीन लाखांना याच राजाला देऊन टाकले.

या राजाच्या अंचेबद्दल मार्क विल्क्सने लिहून ठेवले आहे. विल्क्स एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी म्हैसूरला इंग्रजांचा रेसिडेंट होता आणि त्याचा दक्षिण हिंदुस्थानचा इतिहास १८१० पासून छापून येऊ लागला. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की हे टपालखाते बातमी पोचवण्याइतकेच बातमी काढण्यासाठीही होते. अंचेचा अधिकारी दरबाराच्या खास विश्वासातला असे. त्याच्या हाताखालची माणसे उघड उघड हेर होती आणि आपापल्या भागातल्या गुप्त गोष्टींचा नियमित अहवाल वर पाठवत. पुढे हैदरअलीने हे तंत्र आणखी धारदार केले. विल्क्स जिंकलेल्या पक्षाचा माणूस होता, आधीच्या राजवटी जुलमी दाखवण्यात त्याचा फायदा होता, हे ध्यानात ठेवून वाचावे. त्याच्याच वारसांनी १८८५ च्या तार कायद्यात आणि १८९८ च्या टपाल कायद्यात लोकांचे निरोप अडवण्याची सोय स्वतःसाठी करून घेतली.

मराठीला यात नवल वाटू नये. पेशवाईच्या कागदांत पत्र घेऊन धावणारा तो जासूद, आणि शत्रूच्या गोटात शिरून खबर काढणारा तोही जासूदच. एकच शब्द दोन्ही धंद्यांना पुरला.

हे सगळे सांगायचे कारण, कंपनीच्या मेलवर देखरेख ठेवणारे सॉफ्टवेअर निवडायला बसलेला माणूस बहुधा याच जागी घसरतो. पत्र वेळेवर पोचले का हे बघणे हे एक काम. पत्रात काय लिहिले आहे हे बघणे हे दुसरे. दोन्हींना बाजारात 'ई-मेल मॉनिटरिंग' हेच नाव आहे, विकणारा एकाच कोटेशनमध्ये दोन्ही घालून देतो, आणि घेणाऱ्याच्या लक्षात येत नाही की त्याने जासुदाचे घड्याळ मागितले होते, मिळाला जासूस.

म्हैसूरमध्ये हा प्रश्न सोडवायला माणसे कमी नाहीत. १९८१ साली पुण्यात दहा हजार रुपयांच्या भांडवलावर सुरू झालेल्या इन्फोसिसचे भलेथोरले प्रशिक्षण केंद्र इथे आहे, आणि तिचे एक संस्थापक नारायण मूर्ती इथल्याच एनआयई या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९६७ साली बाहेर पडले. पण असल्या कंपनीकडे मेलसाठी वेगळा विभागच असतो. आपण तिच्या सावलीतली एक कंपनी कल्पू. हेब्बाळ औद्योगिक भागात, दोनशे माणसांची, यंत्रांचे सुटे भाग बनवणारी, पुण्याजवळ चाकणला एक छोटी शाखा असलेली. आयटी म्हणून दोन माणसे, त्यातला एक प्रिंटरही दुरुस्त करतो. या दोघांना मॉनिटरिंग टूल निवडायचे आहे.

आधी घड्याळाचे काम घेऊ. मेल एका उडीत पोचत नाही. तो एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे हस्ते-परहस्ते जातो, अगदी अंचेच्या हरकाऱ्यांमधून जावा तसा. प्रत्येक सर्व्हर पत्राच्या माथ्यावर आपला शिक्का आणि वेळ उमटवतो. ही रीत जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिलेल्या नियमांतून आली आणि मूळ सांगाडा आजही तोच आहे. त्या नियमांत एक मोठी सोशिक गोष्ट आहे. पुढचा सर्व्हर सापडला नाही किंवा 'आत्ता नको, नंतर ये' म्हणाला, तर मागच्याने पत्र फेकायचे नाही. रांगेत ठेवायचे आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचे. किती दिवस? नियम म्हणतो, निदान चार-पाच दिवस. पोस्टफिक्स हा जगभर वापरला जाणारा मेल सर्व्हर, कोणी काही बदलले नसेल तर, पाच दिवस थांबतो आणि तोवर पाठवणाऱ्याला चकार शब्द कळवत नाही.

पाच दिवस! सोमवारी सकाळी चाकणच्या गिऱ्हाइकाला पाठवलेले कोटेशन शनिवारी 'पोचू शकले नाही' म्हणून परत येते. मधल्या काळात सर्व्हर चालू, दिवे हिरवे, कोणाची तक्रार नाही. मेलचे दुखणे बहुतेक वेळा असे मुके असते. वेबसाइट बंद पडली तर पाचव्या मिनिटाला फोन येतो. न आलेल्या मेलबद्दल फोन कोण करणार? तो येणार होता हेच समोरच्याला ठाऊक नसते.

म्हणून टूलला विचारायचा पहिला प्रश्न 'सर्व्हर चालू आहे हे तू सांगतोस का' हा नाही. ते सगळेच सांगतात. ईथन गॅलस्टॅड यांनी १९९९ साली सुरू केलेले आणि २००२ पासून नागिओस म्हणून ओळखले जाणारे मोफत सॉफ्टवेअर हे तेव्हापासून करते आहे. ते २५ नंबरच्या दारावर टकटक करते, आतून '२२०' असा ठरलेला जबाब आला की समाधानाने परत फिरते. पण दारावरचा रामा 'साहेब आहेत' म्हणाला म्हणजे साहेब काम करत आहेत असे होत नाही. डिस्क भरलेली असू शकते, रांग साचलेली असू शकते. टकटक करून हे कळत नाही.

खरी परीक्षा फेरीच्या पत्राची. टूलने दर पाच-दहा मिनिटांनी एक खोटा मेल आपल्या सर्व्हरमधून बाहेरच्या एखाद्या पेटीत पाठवावा, ती पेटी उघडून तो आला का पाहावे, तिथून उलट पाठवावा आणि पूर्ण फेरीला किती सेकंद लागले ते नोंदवावे. ज्याला हे जमते ते टूल अर्धी लढाई जिंकले. त्याच्या जोडीला रांगेवर नजर हवी. रांगेत किती पत्रे आहेत यापेक्षा सर्वांत जुने पत्र किती वेळ पडून आहे हा आकडा मोलाचा. पगारपत्रके सुटली की रांगेत दोनशे पत्रे क्षणभर दिसणारच. एकच पत्र तीन तास पडून असेल तर मात्र कुठेतरी काहीतरी अडले आहे.

तिसरी गोष्ट बाहेरच्यांच्या मताची. आपला मेल पोचवणे हे हल्ली केवळ आपल्या हातात नाही, समोरच्याचा आपल्यावर विश्वास हवा. आपल्या नावाने पत्र पाठवायचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे, पत्रावर आपली सही आहे का, नसेल तर समोरच्याने काय करावे, हे एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तीन नोंदींतून जाहीर करावे लागते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने, जीमेलच्याच पेट्यांत दिवसाला पाच हजारांच्या वर मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही सक्तीच्या केल्या. आपली दोनशे माणसांची कंपनी जीमेलकडे तितके मेल पाठवणार नाही, पण डीमार्कचा एक फायदा तिलाही फुकट मिळतो. मोठे मेलवाले साधारण रोज एक अहवाल पाठवतात, तुमच्या नावाने आम्हाला कुठल्या कुठल्या सर्व्हरवरून पत्रे आली त्याचा. दोघा आयटीवाल्यांपैकी एकाला पहिल्यांदा तो अहवाल वाचता आला की हमखास धक्का बसतो. मार्केटिंगने परस्पर घेतलेली सेवा, बंद केली असे वाटलेला जुना सर्व्हर, आणि कुठल्या तरी परक्या देशातून आपले नाव लावून बिले पाठवणारा भामटा, सगळे एका यादीत. हा अहवाल माणसाला कळेल असा मांडून दाखवणे हे टूलचे काम. न वाचलेला ढीग साठवणे हे काम नाही.

आता निवड करायची कशी? व्हेंडरच्या डेमोत सगळे हिरवे असते. तिथे काही पाहायला जाऊ नये. एक महिन्याची ट्रायल मागावी आणि आपल्या हाताने मोडतोड करावी. अर्थात चाचणीच्या सर्व्हरवर, चालत्या गाड्याला खीळ घालून नव्हे. डिस्क नव्वद टक्के भरा. बाहेरचा मार्ग अडवा. घड्याळ सात मिनिटे मागे करा. प्रत्येक वेळी कागदावर लिहा: मोडले कधी, टूलला कळले कधी, माणसाला कळले कधी. या तिसऱ्या रकान्यात बरीच टूल्स आडवी होतात, आणि सर्वांत विनोदी पराभवही तिथेच असतो. मेल सर्व्हर बंद पडल्याची सूचना टूल कशाने पाठवते? मेलने. तो मेल रांगेत, त्याच बंद सर्व्हरवर. सूचनेला दुसरी वाट हवी, एसएमएसची किंवा फोनची, आणि तीही कंपनीच्या स्वतःच्या इंटरनेट जोडणीवर न विसंबणारी.

घड्याळ मागे करण्याची चाचणी चेष्टेची वाटेल, तशी ती नाही. तीन सर्व्हरांची घड्याळे तीन वेगळ्या वेळा दाखवत असतील तर शिक्क्यांवरून पत्र निघण्याआधीच पोचलेले दिसते, आणि काही गडबड झाल्यावर आधी काय घडले आणि नंतर काय याचा उलगडा होत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी जे निर्देश काढले, त्यांत घड्याळांचा उल्लेख म्हणूनच आहे. कंपन्यांनी आपली घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावीत, लॉग १८० दिवस जपावेत, आणि ठरावीक प्रकारची सायबर घटना ध्यानात आल्यापासून सहा तासांत कळवावी. छोट्या उद्योगांना तयारीसाठी त्या वर्षीच्या २५ सप्टेंबरपर्यंत सवलत मिळाली होती. सहा तास म्हणजे रात्री अकराला लक्षात आलेली गोष्ट पहाटे पाचच्या आत. तेव्हा टूल पाहताना आपले जुने लॉग त्याला देऊन एक साधा प्रयोग करावा: चार महिन्यांपूर्वीच्या एका विशिष्ट मेलचा पूर्ण प्रवास काढून दाखव म्हणावे. मिनिटात दाखवले तर ठीक. 'जुने लॉग आर्काइव्हमध्ये आहेत, वेगळे लायसन लागेल' म्हणाले तर चहा पाजून निरोप द्यावा.

इथवर पत्राला कोणी हात लावला नाही. लिफाफा, शिक्का, वेळ, एवढ्यावर भागले. कंपनीच्या मेलची रोजची दुखणी यातच बरी होतात असे माझे मत आहे आणि बहुतेक छोट्या कंपन्यांनी इथेच थांबावे असेही. पण मालकाच्या मनात वेगळी भीती असते. डिझाइनचे ड्रॉइंग घेऊन कोणी प्रतिस्पर्ध्याकडे पळाला तर? ही भीती खोटी नाही. मग दुसरे काम सुरू होते, पत्र उघडण्याचे.

हे काम यंत्र खूण पाहून करते. पॅन क्रमांक म्हणजे पाच अक्षरे, चार आकडे, एक अक्षर. आधार म्हणजे बारा आकडे. अशी खूण बाहेर जाणाऱ्या पत्रात दिसली की घंटा वाजवायची. ऐकायला सोपे आहे. आता आपल्या कंपनीचे कोणतेही बिल पाहा. त्यावर पंधरा खुणांचा जीएसटी क्रमांक असतो. कर्नाटकाचा असेल तर २९ ने सुरू होणारा, चाकणच्या शाखेचा असेल तर २७ ने. त्या दोन आकड्यांपुढच्या दहा खुणा म्हणजे त्या करदात्याचा पॅनच! टूल अडाणी असेल तर प्रत्येक बिलावर घंटा. आधारचे तसेच. बारा आकडी ऑर्डर नंबर, बारा आकडी बँक संदर्भ, सगळे त्याला आधार वाटतात. वास्तविक आधारचा शेवटचा आकडा हा आधीच्या अकरांवरून व्हेरहॉफच्या पद्धतीने काढलेला पडताळा असतो. तो तपासला तर भलतेच बारा आकडे दहातून एकदाच फसवू शकतात. ट्रायलमध्ये टूलला खरे आधार देऊ नयेत. पडताळ्यात न बसणारे बारा आकडे द्यावेत. त्यावर घंटा वाजली तर समजावे, की त्याने नुसते आकडे मोजले.

घंटांचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दोनशे माणसे, प्रत्येकी दिवसाला चाळीस मेल, म्हणजे आठ हजार. महिन्याचे बावीस दिवस धरले तर १,७६,०००. समजा महिन्यात खरोखर घातक असे दोन मेल जातात. व्हेंडर सांगतो, आमचे टूल ९९ टक्के अचूक. ऐकणाऱ्याला वाटते, शंभर घंटांतल्या नव्व्याण्णव खऱ्या. पण एक टक्का चूक ही निर्दोष मेलांवर मोजली जाते, आणि ते १,७५,९९८ आहेत. महिन्याला साधारण १,७६० खोट्या घंटा, दोन खऱ्या. दिवसाला ऐंशी. प्रत्येकीला एक मिनिट दिले तरी महिन्याचे एकोणतीस तास, आणि ते प्रिंटर दुरुस्त करणाऱ्या माणसाचे. तिसऱ्या आठवड्यात तो न वाचता 'ओके' दाबू लागतो. लांडगा आला रे आला ही गोष्ट त्यालाही लहानपणी सांगितलेली असते, पण ऐंशी वेळा ओरडणाऱ्या पोरापुढे कोणाचाच इलाज चालत नाही. म्हणून व्हेंडरला अचूकता विचारूच नये. आपल्या महिन्याभराच्या मेलवर किती घंटा वाजल्या आणि त्यांतल्या किती उपयोगाच्या निघाल्या, हे दोनच आकडे मागावेत.

'आपल्या मेलवर' हे शब्द मी मुद्दाम लिहिले. अमेरिकेत एनरॉन कंपनी २००१ मध्ये कोसळली आणि चौकशीनंतर तिच्या दीडशेच्या आसपास माणसांचे जवळपास पाच लाख मेल २००३ साली जगापुढे खुले झाले. मेल वाचणाऱ्या यंत्रांना शिकवायला आणि तपासायला हा साठा तेव्हापासून वापरला जातो. त्या मेलांत ह्यूस्टनचे व्यापारी इंग्रजी बोलतात. हेब्बाळचा स्टोअरकीपर रोमन लिपीत 'ड्रॉइंग आदष्टु बेग कळिसी' लिहितो, म्हणजे होईल तितके लवकर पाठवा, आणि चाकणहून उत्तर येते 'उद्या पाठवतो दादा, सायबांची सही राहिलीय'. यंत्राला दोन्ही सारखेच अगम्य. त्याहून मजा जोडलेल्या फाइलींची. म्हैसूरकडच्या कार्यालयांत वर्षानुवर्षे नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये कन्नड टाइप झाले, आपल्याकडे श्रीलिपीत मराठी. युनिकोडपूर्वीच्या या फाइली पडद्यावर सुंदर दिसतात, पण आत नुसती रोमन अक्षरांची खिचडी असते. 'गोपनीय' हा शब्द शोधणारे टूल त्या खिचडीत तो कधीच पाहणार नाही. ट्रायलच्या पेटीत अशी एक फाइल, एक पासवर्ड घातलेली झिप आणि एक मोबाइलवर काढलेला ड्रॉइंगचा फोटो टाकावा. चोर याच वाटांनी जातो. पकडला जातो तो बिल पाठवणारा अकाउंटंट.

आणि पत्र उघडायचा अधिकार? इथे म्हैसूर पुन्हा भेटते. महाराजा कॉलेजात शिकलेले के. एस. पुट्टस्वामी पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, निवृत्त झाले, आणि वयाच्या ८६ व्या वर्षी, २०१२ मध्ये, आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर बाराच दिवसांनी, ५ सप्टेंबरला, स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने बर्बुलेस्कू या रुमानियन इंजिनिअरचा निकाल दिला. कंपनीच्या कामासाठी उघडलेल्या याहू मेसेंजरवरून तो भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी बोलला, कंपनीने ते सगळे टिपले, ४५ पानांचा उतारा त्याच्यापुढे ठेवला आणि २००७ मध्ये नोकरीवरून काढले. खासगी वापराला बंदी आहे हे त्याला माहीत होते. तरीही न्यायालयाने अकरा विरुद्ध सहा मतांनी त्याच्या बाजूने कौल दिला. बंदी सांगितली होती, पण शब्दन् शब्द वाचला जाईल हे आधी सांगितले होते का? याहून कमी घुसखोरीत काम भागले नसते का? न्यायालयाने असले प्रश्न विचारले, आणि ते टूल विकत घेताना विचारायला तितकेच चांगले आहेत.

आपला २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा मालकाला मोकळीक देतो. नोकरीच्या कामासाठी, किंवा औद्योगिक हेरगिरी आणि व्यापारी गुपिते फुटण्यापासून स्वतःला वाचवण्यासाठी, कर्मचाऱ्याची माहिती संमतीवाचून वापरता येते. पण या कलमाचा अर्थ 'सगळ्यांचे सगळे वाचा' असा करणारा मालक पुढेमागे अडचणीत येईल असे मला वाटते. ज्या हेतूसाठी सूट आहे तो हेतू दाखवावा लागणारच.

तेव्हा पत्र उघडणारे टूल घ्यायचेच असेल, तर सर्वांत शेवटची चाचणी टूलपेक्षा ते चालवणाऱ्याची घ्यावी. ट्रायलच्या शेवटच्या आठवड्यात त्या दोघांपैकी एकाने ॲडमिन म्हणून शिरून मालकाचीच पेटी उघडून पाहावी, अर्थात मालकाला आधी सांगून. मग शोधावे: या उघडण्याची नोंद कुठे झाली? ती नोंद उघडणाऱ्यालाच पुसता येते का? येत असेल तर ते टूल परत करावे, बाकी कितीही गोड असो. चांगल्या टूलमध्ये अडवलेले पत्र एकट्याला उघडताच येत नाही. आयटीच्या माणसाने किल्ली फिरवायची आणि एचआरच्या माणसाने दुसरी, आणि दोघांची नावे तिसऱ्याकडे जाणाऱ्या वहीत. पेशव्यांच्या दफ्तरातही जासूद बहुधा एकटा निघत नसे. पत्रासोबत जाई ती जासुदांची जोडी.